पॅलिओ १.६ चे सस्पेन्शन : आधी रबर, मग स्प्रिंग

माझ्या २००३ सालच्या पॅलिओ १.६ जीटीएक्सच्या सस्पेन्शनची पुढची बाजू पूर्ण झाली आहे, मागचे शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या) बदलून झाले आहेत आणि मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या टॉर्शन बीमचे बुश (जोडावर बसणारी रबरी नळकांडी) तेवढे बाकी आहेत. काम थोडे थांबले आहे, तोवर आतापर्यंतची नोंद येथे मांडतो. ज्यांच्याकडे पॅलिओ, तिचीच सेडान पेट्रा किंवा त्याच काळातली एखादी चपळ हॅचबॅक अजून चालती आहे, त्यांना यातले बरेचसे लागू पडावे.

फियाटने ‘प्रोजेक्ट १७८’ या नावाने खडबडीत रस्त्यांच्या देशांसाठी आखलेली ही गाडी १९९६ मध्ये ब्राझीलमध्ये आणि २००१ मध्ये भारतात आली. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवली जाई, आणि आज तिचे जुने सुटे भाग शोधायलाही ठाण्याहून बहुधा कुर्ल्यालाच जावे लागते, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. १५९६ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन हा तिचा लौकिक. पण घोडबंदर रस्त्यावर रोज चालवणाऱ्याला तिचे खरे कसब सस्पेन्शनमध्ये आहे, हे लवकर कळते. चाकाची हालचाल भरपूर, पण ती सगळी आवरलेली. गाडी खड्डा गिळते आणि वळणावर हळूहळू, सांगून झुकते. हा गुण परत मिळवायचा आणि त्यावर नेमकेपणाची थोडी भर घालायची, एवढाच या कामाचा हेतू ठेवला.

तक्रारी नेहमीच्याच होत्या. कमी वेगात एका बाजूच्या चाकाखाली दगड आला की डावीकडून ‘खट्’ असा आवाज येई. स्टीअरिंग पूर्ण वळवताना स्प्रिंग टणकन सुटल्यासारखी वाजे. ब्रेक दाबताच गाडीचे नाक किंचित एका बाजूला ओढले जाई. पहिला आवाज स्टॅबिलायझरच्या (गाडीचे झुकणे आवरणाऱ्या आडव्या बारच्या) लिंक रॉडचा, दुसरा स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला पुढचा खांब) वर जिथे बसतो त्या माउंटिंगमधील बेअरिंगचा आणि तिसरे लक्षण चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या फाटलेल्या बुशचे निघाले. गाडी स्टँडवर घेऊन पहार लावल्यावर आर्मचा मागचा बुश ज्या सहजतेने सरकला, ते पाहता ब्रेक दाबल्यावर चाक आपल्या जागी राहत नसणार हे उघड होते. बॉनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचे, ही आपल्याकडची लाडकी चाचणी मात्र फारशी भरवशाची नाही. ती पूर्ण मेलेला शॉक पकडते. अर्धमेला शॉक सीलच्या घर्षणावर तिथे सहज पास होतो आणि वेगात पुलाच्या जोडावरून जाताना उघडा पडतो.

काही उघडण्याआधी सपाट फरशीवर, टायरमध्ये हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजली. पुढे उजवीकडे ३४७ मिलिमीटर, डावीकडे ३५६. बहुतेक वेळ एकटा चालकच बसत असलेल्या गाडीची उजवी बाजू अशी बसणे स्वाभाविक आहे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते. तिचा कडकपणा जवळजवळ तोच राहतो, कमी होते ती तिची मोकळी उंची. खरोखर मऊ होते ती गंजलेली स्प्रिंग, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिलिमीटरची तार झिजून ११.७ वर आली, तर दिसायला काहीच फरक पडत नाही, पण कडकपणा सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो.

यानंतर लोअरिंगचा, म्हणजे गाडी खाली घेण्याचा, प्रश्न आला, आणि तो येणारच होता. ज्यांच्या गॅरेजमध्ये काम चालू आहे ते मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, दीड इंच खाली घ्या, गाडी रस्त्याला चिकटून पळेल.’’ त्यांचा हात उत्तम आहे, पण हा सल्ला मी मानला नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे पॅलिओसारख्या, गाडीत बॉडी खाली आली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जाते, आणि त्यामुळे रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) बॉडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरते. दोहोंमधले अंतर वाढले की वळणावर बॉडीला झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे गाडी खाली घेऊनही ती पूर्वीपेक्षा अधिक झुकू शकते. ते झाकण्यासाठी स्प्रिंग आणखी कडक करावी लागते, आणि मग गायमुखच्या चढावर पावसाळ्यात उखडलेल्या डांबरातून गाडी नेणे ही शिक्षा होऊन बसते. शिवाय बंप स्टॉपपर्यंतची (हालचालीच्या टोकाला बसवलेल्या मऊ अडसरापर्यंतची) मोकळी हालचाल कमी झालेली असतेच. स्प्रिंगचा वेढा कापून उंची उतरवण्याविषयी तर बोलायलाच नको. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण लोंबकळले की स्प्रिंग जागची सुटू शकते. नोंदणीच्या नूतनीकरणाचेही भान ठेवावे लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, माझी पुढची पाळी २०२८ मध्ये आहे, आणि गाडीतील फेरफारांविषयीच्या मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ कडे पाठ फिरवून केलेले बदल त्या दिवशी अंगाशी येतात.

म्हणून उंची मूळचीच ठेवून पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा तेवढा बेताने वाढवायचे ठरले. हिशेब साधा आहे. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचे वजन २७० किलो धरले आणि स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटनची धरली, तर बॉडीची वरखाली होण्याची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.४ हर्ट्झ येते. स्प्रिंग २५ न्यूटनची, म्हणजे पंचवीस टक्के कडक केली, तरी वारंवारता वर्गमुळाच्या हिशेबाने बाराच टक्के वाढते आणि १.५ च्या थोडी वर जाते. परंतु तेवढेच बारा टक्के शॉकच्या आवर घालण्याच्या ताकदीतही वाढवावे लागतात. थकलेल्या शॉकवर कडक स्प्रिंग चढवली की गाडी उड्या का मारते, याचे उत्तर या एका ओळीत आहे. मी वीस टक्क्यांच्या आत थांबलो.

पेट्रोल गाडीत १.९ डिझेलच्या स्प्रिंग घालण्याचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. डिझेल इंजिन जड असल्याने त्या स्प्रिंग कडक असतात हे खरे, पण हलक्या नाकाखाली त्या गाडी वर उचलतात आणि चालता चालता गाडीचा तोंडवळाच बिघडतो. त्याऐवजी वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्यात मूळ स्प्रिंग नमुना म्हणून दिली आणि वेढ्यांची संख्या व व्यास तोच ठेवून तार अर्ध्या मिलिमीटरने जाड घेऊन नवी जोडी वळवून घेतली. तार जाड झाल्याने त्याच वजनाखाली स्प्रिंग कमी दबते, म्हणून मोकळी उंची तेवढ्या हिशेबाने कमी करून घ्यावी लागते. हे आधी सांगितले नाही तर गाडी उंच उभी राहते. वळून झाल्यावर भट्टीत ताण उतरवणे, मग छर्ऱ्यांचा मारा आणि शेवटी स्प्रिंग प्रेसखाली वेढ्याला वेढा भिडेपर्यंत पुन्हापुन्हा दाबणे, या तीन क्रिया होतात की नाही ते विचारूनच काम द्यावे. शेवटची क्रिया टाळली तर स्प्रिंग कारखान्यात न बसता गाडीखाली बसते. समोर उभे राहून पाहिले: पहिल्या दाबानंतर उंची काही मिलिमीटरने उतरली, दुसऱ्यानंतर अगदी थोडी, आणि त्यानंतर पट्टी हललीच नाही. तेव्हा पावडर कोटिंगला संमती दिली.

शॉक देशी बनावटीचे, गॅस भरलेले, दोन नळ्यांचे घेतले. बसवण्यापूर्वी प्रत्येक शॉक उभा धरून हाताने पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून त्यातली हवा वर काढावी. आडवा पडून राहिलेला नवा शॉक पहिल्या दिवशी मेलेला वाटतो तो याच कारणाने. वरचा नट सोडताना किंवा आवळताना दांडा पक्कडीने धरू देऊ नये. क्रोमवर उठलेला एक ओरखडा सील कापत राहतो आणि काही महिन्यांत तेल बाहेर येते. दांडा ॲलन कीने धरावा आणि इम्पॅक्ट गनला तेथून लांबच ठेवावे. जुने स्ट्रट उघडले तेव्हा बंप स्टॉपच्या जागी बोटांनी चुरगळणारा पिवळा भुगा आणि धूळ अडवणाऱ्या डस्ट बूटची एक चिंधी एवढेच हाती लागले. म्हणजे खोल खड्ड्यात स्ट्रटचा धातू धातूवर आपटत होता. नव्या शॉकसोबत बंप स्टॉप, बूट, माउंटिंग आणि बेअरिंग न बदलणे ही खोटी काटकसर आहे, कारण मजुरी दोन्ही वेळा तितकीच पडते.

लोअर आर्म बॉल जॉइंटसह पूर्ण नवे घेतले आणि त्यांचे रबरी बुश मुद्दाम तसेच ठेवले. पॉलियुरेथेनचे बुश आकर्षक दिसतात, पण आर्मच्या मागच्या बुशला ब्रेकचा धक्का आणि रस्त्याची थरथर शोषून घ्यायची असते. तिथे कडक पदार्थ घातला की नेमकेपणा थोडा मिळतो आणि डॅशबोर्डची कुरकुर भरपूर. स्टॅबिलायझर बारच्या पकडीतले बुश मात्र पॉलियुरेथेनचे केले, कारण तिथे बारने ताबडतोब पिळले जाणेच अपेक्षित असते. त्यांना योग्य ग्रीस लावले नाही तर ते उन्हाळ्यात चिंचुंद्रीसारखे किंचाळतात, हे मात्र लक्षात असू द्यावे.

सगळ्यात अधिक दुर्लक्ष होते ते बोल्ट आवळण्याच्या स्थितीकडे. रबरी बुशची आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटलेली असते. बुश फिरत नाही, पिळला जातो. गाडी लिफ्टवर आणि चाके लोंबकळती असताना आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली टेकल्याबरोबर तो बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि वर्षभरात फाटतो. आम्ही बोल्ट हाताने लावून चारही चाके जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, गाडी हलवून बसवली आणि मग खाली शिरून टॉर्क रेंचने अंतिम आवळणी केली. गॅरेजमध्ये याला वेळ लागतो म्हणून टाळाटाळ होते. आपण उभे राहून करून घ्यावे.

अलाइनमेंटमध्ये पुढचा टो (वरून पाहता चाके किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवता येतो, तर मागचा बीमवर ठरलेला असल्याने नुसता वाचता येतो. स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) ज्या दोन बोल्टांनी जोडला जातो त्यांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. चाकाचा वरचा भाग दोन्हीकडे आत दाबून धरत ते आवळले, आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा आला. नव्या स्प्रिंग आणि बुश थोडे रुळल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासणार आहे. पुढची उंची आता उजवीकडे ३६२ आणि डावीकडे ३६४ आहे.

ऐरोली पुलाच्या जोडांवर पूर्वी प्रत्येक जोडाला दोन धक्के बसत, एक चाकाचा आणि दुसरा मागाहून आलेला बॉडीचा; आता पहिलाच जाणवतो. कापूरबावडीच्या उड्डाणपुलावर ब्रेक दाबला तर नाक सरळ राहते. वळणात शिरताना स्टीअरिंगला उत्तर आधीपेक्षा लवकर मिळते, मात्र याचे श्रेय मी नव्या स्प्रिंगपेक्षा नव्या आर्मना देतो. कारण प्रथम नुसते आर्म व लिंक रॉड बदलून, जुन्याच स्प्रिंगवर गाडी चालवली होती, आणि निम्म्याहून अधिक फरक तेव्हाच पडला होता. ज्यांचे बजेट अपुरे आहे त्यांनी तिथेच थांबायला हरकत नाही.

मागच्या टॉर्शन बीमचे बुश राहिले आहेत. त्यांच्या रबरात पोकळ्या ठेवलेल्या असतात; त्या कोणत्या दिशेला येतात यावर वळणात बीम किती सरकतो हे ठरते, म्हणून जुना बुश काढण्याआधी बीमवर खूण करून ठेवणे अत्यावश्यक आहे. हायड्रॉलिक प्रेसची सोय झाली आहे, पण हाती आलेल्या जोडीपैकी एकाच्या बाहेरील नळीचा व्यास लेथवाल्याच्या मापात कमी भरल्याने ती परत पाठवली आहे. योग्य मापाची जोडी मिळेपर्यंत मागची बाजू उघडणार नाही. कोणाकडे पॅलिओ किंवा पेट्राच्या मूळ बुशचा बाहेरील व्यास कॅलिपरने मोजलेला असेल, तर तो अवश्य कळवावा.