साडेआठचा पाऊस

जुलैत रत्नागिरीत मुलाखती ठेवूच नयेत. पण प्रकल्पाच्या मंजुरीचा कागदच जूनअखेर हातात पडला. जागा एकच, ज्युनिअर रिसर्च फेलोची, पुढे पीएच.डी.ला नोंदणी करता येईल अशी. विषय, किनारपट्टीवरची अतिवृष्टी. जाहिरातीत ‘पायथन किंवा आर (या प्रोग्रॅमिंगच्या भाषा) येणे आवश्यक’ असं होतं आणि आलेल्या प्रत्येकाच्या फायलीत पायथनचं सर्टिफिकेट होतं. सर्टिफिकेटं हल्ली पैशाला पासरी. म्हणून तोंडी प्रश्नांआधी तासाभराचं प्रात्यक्षिक ठेवलं.

एका फाइलमध्ये पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी, दुसरीत युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए-5’मधला, म्हणजे निरीक्षणं नि संगणकी मॉडेल जुळवून तयार केलेल्या मागच्या हवामानाच्या डेटातला, त्याच ठिकाणचा ताशी पाऊस. दोन्ही जुळवून बघा, काय दिसतं ते सांगा. नेट वापरा, चॅटजीपीटी वापरा, आमची हरकत नाही.

पहिल्याने एका दिवसाचा पाऊस काढला 0.08 मिलिमीटर. बाहेर पत्र्यावर असा कोसळत होता की त्याचं बोलणं ऐकू येईना! ईआरए-5 पाऊस मीटरमध्ये देतं, हजाराने गुणायचं राहून गेलं होतं.

मग इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. हात सफाईदार, दहा मिनिटांत आलेख तयार. दोन्ही रेषांचा मेळ मात्र बसेना. तो म्हणाला, “सर, ईआरए-5च्या ग्रिडचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण 28 किलोमीटरचा, नि अख्ख्या चौकोनाला आकडा एकच. त्यात समुद्रही येतो नि डोंगरही, त्यामुळे कोकणात हा डेटा चालणार नाही.” चौकोनाचं म्हणणं अगदी खरं. पुण्याहून आलेल्या मॅडम खूश झाल्या.

शेवटची मुलगी दापोलीहून एम.एस्सी. कृषी केलेली. तिचा कोड म्हणजे फॉर-लूपमध्ये फॉर-लूप, रखडत चालणारा. मधेच लाईट गेली, वाय-फाय गेलं. लॅपटॉपच्या बॅटरीवर ती तशीच बसून राहिली. मग विचारलं, “सर, ही 14 तारखेची नोंद साडेआठची ना?”

शिकत असताना ती वेधशाळेत सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायला जायची. म्हणजे 14 तारखेपुढे लिहिलेला पाऊस 13च्या साडेआठपासून 14च्या साडेआठपर्यंतचा. ईआरए-5चं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. त्याची 14 तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते आणि 15च्या साडेपाचला संपते. दोन्ही ‘14 तारखां’त सामाईक तास फक्त तीन! आपले साडेआठ म्हणजे यूटीसीचे तीन, आणि ईआरए-5 तासाचा पाऊस तो तास संपतो त्या वेळेपुढे लिहितं. म्हणून तिने यूटीसीच्या आदल्या दिवशीच्या चारपासून त्या दिवशीच्या तीनपर्यंतच्या चोवीस नोंदी बेरजेला घेतल्या आणि आलेखातली शिखरं एकाखाली एक आली. उंची कमी-जास्त राहिली, तो चौकोनाचा भाग.

निवडीवरून वाद झालाच. मॅडमचं म्हणणं, मुलाला हे तासांचं गणित एका दुपारी सांगता येईल. मी म्हटलं, एक्सअॅरे नि पांडाज ही पायथनची डेटा हाताळायची साधनंही आठवड्यात शिकवता येतात. मेळ बसत नाही म्हटल्यावर डेटालाच दोष देऊन मोकळं व्हायची सवय मोडायला वर्षं जातात. मॅडमना हे पूर्ण पटलं नाही, पण सही केली. मुलगा प्रतीक्षायादीवर.

मुलीला आत बोलावून सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, “सर, फेलोशिप दर महिन्याला जमा होते?” कागदावर 37,000 आणि वर घरभाडं. प्रत्यक्षात हप्ता येईल तेव्हा, कधी चार-चार महिन्यांनी. तिला तसंच सांगितलं. घरी विचारून कळवते, आठ दिवस द्या, म्हणाली. तोवर प्रतीक्षायादीतल्या कुणाला फोन करू नका, असं ऑफिसात सांगून ठेवलंय.