धाकटा भाऊ डावीकडे, आवाज उजवीकडून

आमची फिल्म ८४ मिनिटांची. शूट १९ दिवसांत उरकलं आणि पुढची तीन वर्षं एडिट, साउंड आणि उधारी फेडण्यात गेली. पहिला पब्लिक शो संध्याकाळी सहाला. दुपारी तीनला टेस्टसाठी थिएटरमध्ये गेलो ते खरं तर फक्त कलर बघायला, कारण लॅपटॉपवर जे काळं दिसतं ते पडद्यावर राखाडी दिसेल ही मला आधीपासून धास्ती.

कलर मस्त होता. पहिला डायलॉग आला, मी शेजारी बसलेल्या साउंडवाल्या मित्राकडे बघितलं तर तो आधीच माझ्याकडे बघत होता. धाकटा भाऊ फ्रेमच्या डाव्या टोकाला उभा आणि बोलतोय पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून! मला वाटलं थिएटरचा स्पीकर गेला असणार (आपलं काही चुकलं असेल हे डोक्यात सगळ्यात शेवटी येतं). मग पहाटेचा सीन आला, त्यात मागून डावीकडून पक्षी यायला हवेत, ते गायबच. आणि ढगांचा गडगडाट, जो पोटात जाणवायला हवा, तो उजव्या भिंतीवरच्या स्पीकरमधून कोणीतरी खुर्ची सरकवल्यासारखा.

प्रोजेक्शनवाले काका खाली आले, दोन मिनिटं उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाले, "स्पीकर ठीक आहेत, तुमची चॅनेलची ऑर्डर चुकलीय."

तर झालं होतं असं. ५.१ साउंडचे सहा ट्रॅक असतात, आणि थिएटरला जी डीसीपी (म्हणजे चित्र-आवाज एकत्र असलेलं फिल्मचं डिजिटल पॅकेज) द्यायची तिच्यात ते लेफ्ट, राइट, सेंटर, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा या क्रमाने लागतात. मित्राने मिक्स दिलं होतं जुन्या फिल्मवाल्या क्रमाने, म्हणजे लेफ्ट, सेंटर, राइट, मागचे दोन आणि शेवटी सबवूफर. त्याने मेलमध्ये लिहिलंही होतं, मी रात्री दीड वाजता सहा फाइली आल्या तशा ओढून टाकल्या. डायलॉग असतात सेंटरमध्ये, ते गेले उजवीकडे. पक्षी गेले सबवूफरमध्ये, आणि सबवूफर म्हणजे फक्त खोल, घुमणाऱ्या आवाजांचा स्पीकर, साधारण १२० हर्ट्झच्या वरचं काही वाजवतच नाही, मग पक्षी ऐकू येणार कसे. बनलेली डीसीपी मी लॅपटॉपवर हेडफोन लावून चेक केली होती, म्हणजे आवाज येतोय ना, बास, एवढंच.

माझे तर पायच गळाले, कारण अख्खी डीसीपी बनवायला माझ्या मशीनला सात तास लागले होते. काका शांत. म्हणाले पिक्चर कशाला परत करताय, ते सर्व्हरवर आहेच, फक्त साउंडची व्हर्जन फाइल काढा, म्हणजे नुसता बदललेला भाग असलेलं छोटं पॅकेज, बाकी सगळं जुन्या डीसीपीतून घेतलं जातं. मला हा प्रकार ऐकून माहीत होता, कधी केला नव्हता. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रॅक नीट लावले, पिक्चर जुनंच वापर असं सांगितलं, आणि साठेक जीबीच्या जागी सव्वाचार जीबीचं पॅकेज तयार झालं. एक बरं, आम्ही एन्क्रिप्शन केलं नव्हतं, म्हणजे फाइलला डिजिटल कुलूप लावलं नव्हतं, नाहीतर त्याची नवीन किल्ली मागत बसावं लागलं असतं आणि तिथेच सहा वाजले असते.

पाच वीसला परत टेस्ट. धाकटा भाऊ पडद्याच्या मधोमधूनच बोलला. मित्र काही न बोलता बाहेर जाऊन पायरीवर बसला.

शोमध्ये मी पडद्याकडे बघितलंच नाही, शेवटच्या रांगेच्या मागे उभा राहून डोकी बघत होतो. डोक्यांवरून सगळं कळतं. ज्या विनोदावर मी एडिटमध्ये दोन आठवडे घालवले तिथे एकही डोकं हललं नाही, आणि थोरला भाऊ नुसतं कुलूप ओढून बघतो तिथे हॉल हसला, का ते मला अजून कळलेलं नाही. चार मिनिटांच्या शांत सीनमध्ये दुसऱ्या मिनिटाला पहिला खोकला आला, मग सगळीकडूनच सुरू झाले, तो सीन आता मी कापणार आहे.

पण पहाटेच्या सीनला चौथ्या रांगेतल्या एका माणसाने मान वळवून मागे डावीकडे बघितलं. हॉलमध्ये खरंच पक्षी शिरलाय की काय असं. मी मित्राला कोपराने ढोसलं, त्यालाही दिसलं होतं.

मग लाइट लागले, माइक फिरला, आणि पहिला प्रश्न आला, "बजेट किती होतं?"