क्लचची स्प्रिंग दाबायचं घरगुती हत्यार

नागावच्या किनाऱ्यावर चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, पाच एटीव्ही (वाळूत पळणाऱ्या जाड चाकांच्या चारचाकी गाड्या) फिरतात. १५० सीसीचं चिनी इंजिन, आणि आतला पट्टा-पुलीचा सगळा मामला स्कूटरसारखाच. दिवाळी ते मे गाड्या वाळूत राबतात, पावसाचे चार महिने शेडमध्ये असतात. त्या चार महिन्यांत त्या उघडून पुन्हा उभ्या करायचं काम माझं.

वाळू क्लचचा जीव काढते. मागच्या पुलीत एक मोठी स्प्रिंग असते, ती पुलीच्या दोन ताटल्या एकमेकींकडे दाबून पट्टा घट्ट धरते. गाडी वाळूत रुतली की पट्ट्यावर ओढ वाढते. तिरक्या खाचांमधल्या पिना त्या ओढीनेच ताटल्या आणखी आवळतात आणि गाडीला जोर मिळतो. पण स्प्रिंग मेली असेल, किंवा पिनांचं ग्रीस सुकलं असेल, तर पट्टा घसरतो आणि जळक्या रबराचा वास सुटतो. त्यामुळे दर पावसाळ्यात ही पुली सुटी करतोच.

आणि तिथेच धोका आहे. ती स्प्रिंग पुलीवर बसलेल्या क्लचच्या प्लेटखाली, एका ३९ मिलिमीटरच्या नटामागे दबून बसलेली असते. आम्ही वर्षानुवर्षं एकाने गुडघा टेकून दाबायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, असं करत आलो. गेल्या वर्षी शेवटच्या आट्यावर दादाचा गुडघा सरकला, क्लचची प्लेट उसळली आणि त्याच्या अंगठ्याखाली तीन टाके पडले. दादा म्हणाला, "अरे, तीनच टाके आहेत." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. डोळ्याला लागलं असतं तर वहिनीला काय तोंड दाखवलं असतं?

यंदा जूनमध्येच हत्यार करायला घेतलं. १० मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, १२ मिलिमीटरचे दोन थ्रेडेड (पूर्ण लांबीभर आटे असलेले) रॉड, नट, वायसर, आणि पाइपचे तुकडे. भंगारातलं आणि दुकानातलं मिळून खर्च ४८० रुपये. खालच्या पट्टीवर पुली पालथी बसते, वरच्या पट्टीला मधोमध ६० मिलिमीटरचं भोक, त्यातून बॉक्स पाना थेट नटावर जातो. दोन्ही बाजूंचे रॉड आवळले की वरची पट्टी क्लचला खाली दाबते.

पहिल्या खेपेला वरच्या पट्टीला दोन पाय लावले. ते चुकलं. क्लचला शू (फिरताना बाहेर सरकून पकड घेणारे तुकडे) तीन, त्यामुळे दोन पायांना नीट टेकायला जागाच मिळेना आणि दाब येताच प्लेट तिरकी झाली. पट्टीही पाचची घेतली होती, ती वाकली. मग दहाची आणली, तिला कडेला आणखी एक तुकडा वेल्ड करून तिसऱ्या पायाची सोय केली, आणि पाइपचे तीन तुकडे असे लावले की शूच्या खिळ्यांभोवती बरोबर टोपीसारखे बसतात. यामुळे प्लेट सरकत नाही, आणि नट फिरवताना पुलीही फिरत नाही. हे जमलं तेव्हा फार बरं वाटलं.

वापरताना दोन्ही रॉडचे नट आलटून पालटून, दोन-दोन फेरेच आवळायचे. १२च्या रॉडचा आटा एका फेऱ्याला १.७५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहा फेऱ्यांत साडेसतरा मिलिमीटर. घाई करून एकच बाजू आवळली तर सगळं तिरपं जातं. नट निघाल्यावर स्प्रिंग पूर्ण सैल होईपर्यंत तसंच दोन-दोन फेरे मागे यायचं. तोवर तोंड वरून वाकवायचं नाही, चष्मा घालायचाच. दादालाही घालायला लावला.

पहिली गाडी उघडली तर जुनी स्प्रिंग नव्यापेक्षा सहा मिलिमीटर आखूड निघाली. पिना कोरड्या ठणठणीत. पेट्रोलने धुवून, नवीन ग्रीस भरून, स्प्रिंग बदलून पुली परत जोडली. दाबायला दुसरा माणूस लागला नाही, दादा शेजारी चहा घेऊन नुसता बघत होता. दुसरी गाडी त्यानेच उघडली, मी पाना देत होतो. अजून तीन बाकी आहेत, आणि गणपतीआधी त्या संपवायच्या आहेत.