साताऱ्याचा वनस्पती-नकाशा: आता माण-खटावचा माळ

पश्चिमेची बाजू रंगवून झाली. कोयनेचं सदाहरित-निमसदाहरित जंगल आणि त्याच्या पूर्वेचा ऐन-किंजळाचा पानझडी पट्टा सॅप ग्रीनमध्ये (पिवळट हिरवा) कमीजास्त इंडिगो (गडद निळा) मिसळून निभावला. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र गोल शेंड्यांची मोठी झाडं मुद्दाम टाळली. तिथली अंजनी, जांभूळ, पिसा वाऱ्यामुळे खुजी राहतात, म्हणून नुसते दाट, बारीक ठिपके.

कासला सगळे गुलाबी-जांभळा फासतात. फुलं दिसतात ती ऑगस्ट ते ऑक्टोबर. एरवी तो जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळी पठार, वर वीतभरही माती नाही. मी बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी) दिला आणि फुलांचे चारच ठिपके.

पट्ट्यांच्या रुंदीवर बराच वेळ गेला. माझं प्रमाण एक सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. महाबळेश्वर ते माणमधलं दहिवडी कागदावर चाळीस सेंटीमीटरही भरत नाही, आणि तेवढ्यात वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरवरून पाचशेच्या आसपास येतो. तोही सारखा उतरत नाही, घाटमाथा ओलांडला की लगेच कोसळतो. त्यामुळे पश्चिमेचे पट्टे दोऱ्यासारखे आणि पूर्वेचे ऐसपैस. समान रुंदीचे पट्टे दिसले की नकाशा घरबसल्या काढलाय हे मला लगेच कळतं!

आता खरी कसोटी माळाची. सरकारी दप्तरात तो ‘पडीक’, छापील नकाशांत बहुतेक वेळा फिकट रिकामा. खरं तर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, मधूनच बोर, हिवर, बाभूळ, आणि त्यावर जगणारे लांडगे-चिंकारा. रिकामं काय आहे त्यात? यलो ऑकरचा (मातकट पिवळा) पातळ हात देऊन वर कोरड्या ब्रशने आखूड, एकाच दिशेला कललेले फटकारे मारतोय. काटेरी झाडं सुटी सुटी, सावलीसकट. ऋतू नोव्हेंबरचा धरलाय. ऑगस्टचा धरला असता तर माळही हिरवा झाला असता आणि जंगलाशी फरकच उरला नसता.

अडलंय ते कृष्णाकाठी. नकाशा नैसर्गिक वनस्पतींचा, पण तिथे नजर जाईल तिथवर ऊस. सध्या कोरड्या पानझडीचा रंग देऊन त्यावर उसासाठी पेन्सिलीच्या तिरक्या रेघा मारल्यात. त्या रेघाच शाईने पक्क्या कराव्यात की उसाचा वेगळा ट्रेसिंग कागद वर चढवावा? कुणी नदीखोरं रंगवलं असेल तर सांगा.