साचा एकाचा, मुठी दुसऱ्याच्या : आमची वाटचाल

आमच्या फर्मला पाटी नाही. कनेटिकटमधल्या मेरिडन गावी घराच्या तळघरात तीन टेबलं, दोन मायक्रोमीटर, एक भिंग आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या दीडएकशे जोड लाकडी मुठी. शिसं वितळवायचं भांडं मागच्या शेडमध्ये, तेही दार सताड उघडं ठेवून. ही बायकोची अट होती आणि ती बरोबरच होती. काडतुसातली शिशाची गोळी घरच्या घरी ओतायचे जुने साचे आम्ही शोधतो, कुठला कोणाचा ते ओळखतो, त्याला त्याच्या मुठी जुळवतो आणि विकतो. कोल्हापूरला फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पोलीस धरत नाहीत का रे?" नाही धरत. इथे साचा म्हणजे निव्वळ लोखंडाचा ठोकळा. भारतात मात्र आम्ही एकही नग पाठवत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

मी शिरोली एमआयडीसीतला टूलरूमचा माणूस. डाय, जिग, फिक्श्चर यांत नऊ वर्षं गेली, मग इकडे एका छोट्या मशीन शॉपमध्ये नोकरी लागली. ते शॉप २००९ मध्ये बंद पडलं. पन्नाशी जवळ आलेली, हातात काम नाही, आणि शनिवारी करमणूक म्हणून लोकांच्या टॅग सेलला जायची सवय. घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, त्याला कनेटिकटात टॅग सेल म्हणतात. अशाच एका अंगणात सिगारच्या मोठ्या खोक्यात मुठींचे अकरा जोड मिळाले. चिमट्यासारखे लोखंडी दांडे, टोकाला लाकूड. ब्लॉक, म्हणजे ज्याच्या पोकळीत शिसं ओततात तो दोन अर्ध्यांचा ठोकळा, एकही नाही. वीस डॉलर दिले. कशाचे आहेत ते विकणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. लोखंडाचं काम चांगलं होतं, म्हणून घेतले.

धंदा त्या खोक्यातून निघाला. झालं होतं असं की कंपन्या ब्लॉक वेगळे आणि मुठी वेगळ्या विकत. शौकीन माणूस मुठींचा एक जोड घ्यायचा आणि त्यावर पाच-सहा ब्लॉक आलटूनपालटून वापरायचा. तो गेला की पोरं सामान काढतात तेव्हा ब्लॉक एका डब्यात जातात, मुठी दुसऱ्या. लाकूड जळतं, तडकतं, सुटतं. ब्लॉक शंभर वर्षं राहतो. म्हणजे बाजारात बिनमुठीचे ब्लॉक मुबलक आणि चांगल्या मुठींची टंचाई. माझे अकरा जोड तीन आठवड्यांत गेले. सोन्याची खाण वगैरे काही नव्हती, वाणसामानाचा महिना निघाला इतकंच.

पण विकायच्या आधी मूठ कुणाची हे कळायला हवं. 'आयडियल' या साचे बनवणाऱ्या कंपनीची जुनी एका पोकळीची हँडलं अरुंद असतात. नंतरच्या लायमन कंपनीच्या मोठ्या ब्लॉकच्या खाचेत ती खुळखुळतात किंवा बसतच नाहीत. लायमनच्या दोन पोकळ्यांच्या ब्लॉकला आरसीबीएस या दुसऱ्या कंपनीची हँडलं बहुतेक वेळा चालतात. चार पोकळ्यांच्या ब्लॉकला स्वतःची, दणकट हँडलं लागतात. हे कुठल्या तक्त्यात बघून शिकलो नाही. प्रत्येक जोडाच्या खाचेत जाणाऱ्या जिभेची जाडी, भोकाचं अंतर आणि स्क्रूचा आटा मोजून वहीत मांडत गेलो. वही मराठीत आहे, त्यामुळे मुलाला अजून ती धड वाचता येत नाही.

नशिबाने आम्ही राहायला आलो ते या मालाच्या माहेरीच. जॉन बार्लोने आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८८४ मध्ये काढली ती न्यू हेवनला. १९१० मध्ये ती मार्लिन या बंदूक कंपनीकडे गेली, मधे आणखी एका मालकाचे हात लागले आणि १९२५ मध्ये मिडलफिल्डच्या लायमनने घेतली. न्यू हेवन आणि मिडलफिल्ड, दोन्ही आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. विंचेस्टर ही बंदूक कंपनीही न्यू हेवनचीच होती. त्यामुळे ब्लॉकवर गावाचं आणि कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर काळाचा अंदाज तिथेच लागतो. आयडियलचं ४ नंबरचं अवजार सापडलं तर ते पाहाच: काडतूस भरायची पक्कड आणि तिच्याच टोकाला साचा, सगळं एकसंध लोखंड. लाकडाचा पत्ता नाही. दहा गोळ्या ओतल्या की हात भाजलाच म्हणून समजा.

पहिला मार खाल्ला तो आकड्यांत. लायमनच्या सहा आकडी नंबराची पद्धत सोपी आहे. ४२९४२१ मध्ये पहिले तीन आकडे म्हणजे गोळीचा व्यास, ०.४२९ इंच, आणि पुढचे तीन गोळीच्या आकृतीचा क्रमांक. ही ४२१ म्हणजे एल्मर कीथ या अमेरिकन बंदूक-लेखकाची प्रसिद्ध आकृती. एवढं शिकून मी स्वतःला शहाणा समजलो. मग ३११४१ असा ब्लॉक आला. पाचच आकडे. मी बेधडक '३१ कॅलिबर, आकृती १४१' अशी चिठ्ठी लावून टाकली. माँटानाच्या एका गिऱ्हाइकाने फार सभ्य शब्दांत कळवलं की पूर्वी शून्य कोरत नसत. हा ३११ आणि ४१, आज ज्याला ३११०४१ म्हणतात तो, थर्टी-थर्टी रायफलचा. चिठ्ठी बदलली. हेन्स्ली अँड गिब्ज या आणखी एका साचेवाल्यांच्या साच्यांवर तर नंबरातून मापच कळत नाही. त्यांचा ६८ नंबर म्हणजे ४५ कॅलिबरची, २०० ग्रेन वजनाची गोळी, हे पाठच असावं लागतं. त्यावर सॅन डिएगो कोरलं असेल तर जुना. नंतर ते ओरेगनला गेले.

दुसरा मार माझ्याच हातांनी. टूलरूमच्या माणसाला गंजका ठोकळा दिसला की हात शिवशिवतात. विंचेस्टरचा ४४ डब्ल्यूसीएफ (त्यांच्या ४४ कॅलिबर काडतुसाचा) साचा मिळाला होता, आणि मी तो वायर ब्रशच्या चाकावर धरून नव्या भांड्यासारखा लख्ख केला. जुना काळपट रंग गेला, अक्षरांच्या कडा गेल्या. घ्यायला आलेल्या माणसाने तो हातात धरला, दोन मिनिटं काही बोलला नाही आणि ठेवून निघून गेला. आता आम्ही तेल लावतो, मऊ कापडाने पुसतो आणि थांबतो. पोकळीत काहीही घालून घासत नाही.

तिसरा मार मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात. पितळी कोल्ट साचा, एक पोकळी गोल गोळीची, एक टोकदार गोळीची. विक्रेता म्हणाला, पणजोबांचा. घरी आणून भिंगाखाली धरला तर कडा बोट कापतील अशा, आत कटरचे ताजे वळ, शिशाचा डाग एकही नाही. इटलीत बनलेली नक्कल. नक्कल बनवण्यात गैर काही नाही, इटलीवाले काम छान करतात. पणजोबा मात्र विक्रेत्याने फुकट जोडून दिले होते. तो साचा आजही टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय.

हल्ली आम्ही प्रत्येक साच्यातून एक गोळी ओतून, मोजून मगच माप लिहितो. मिश्रण एकच: ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. हा आग्रह उगाच नाही. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की ३११ चा साचा ३०९ ची गोळी देतो. तो नुसतं शिसं ओतत होता. ते थंड होताना जास्त आकसतं, गोळी बारीक येते. फाउंड्रीत ज्याने श्रिंकेज अलाउन्स लावलाय त्याला हे सांगावं लागत नाही. उलटही होतं. कुणीतरी पोकळी घासून मोठी केलेली असते, कोरलेलं ३११ आणि मोजलेलं ३१४.

आणि दोन्ही अर्ध्या ठोकळ्यांवरचे जुळणीचे नंबर आधी बघायचे. हे सांगतोय कारण मागच्या वर्षी आम्हीच चुकलो. ब्रिमफिल्डच्या एका डब्यातून दोन सारखे साचे घेतले, घरी बघतो तर कुणीतरी कधीतरी अर्धे अदलाबदल केलेले. उलटसुलट जोडल्यावर एक साचा पूर्ण जुळला. दुसऱ्याचे मात्र एका अर्ध्यावर २७, दुसऱ्यावर ६३. मिटवला की मधून उजेड दिसतो. बायको म्हणते भंगारात घाल. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये ब्रिमफिल्डला निघताना मी ते दोन्ही अर्धे फडक्यात गुंडाळून सोबत घेतो.