नळापर्यंत गेलेला करंट

खेतवाडीतल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर काकांचं लेथचं वर्कशॉप आहे. जुलैत त्यांनी पाच हॉर्सपॉवरचं मिलिंग मशीन घेतलं आणि मला बोलावलं. "बोर्डापासून केबल ओढ, स्टार्टर बसव. बाकी सगळं चालू आहे." तीन फेज, 415 व्होल्ट आधीपासूनच होते. काम अर्ध्या दिवसाचं.

पण जुन्या इमारतीत मी आधी अर्थिंग, म्हणजे मशीनच्या बॉडीची जमिनीशी केलेली जोडणी, बघतो, केबलचं माप नंतर. लेथवरचा कारागीर सहज बोलून गेला, "पावसाळ्यात मशीन जरा झिणझिणतं, म्हणून फळीवर उभा राहतो." मीटर लावला. लेथच्या बॉडीपासून न्यूट्रलपर्यंत 190च्या आसपास व्होल्ट. डिजिटल मीटर कधी कधी उगाच व्होल्टेज दाखवतो, म्हणून टेस्टलॅम्प लावला. बल्ब पेटला. लालसर, पण पेटला.

मेन बंद केला आणि अर्थची वायर धरून मागे मागे गेलो. ती निघाली मोरीत, पाण्याच्या जस्ती पाइपला क्लॅम्पने आवळलेली. पूर्वी सर्रास असं करायचे. पाइप जमिनीत जायचा, भागायचं. इथे मात्र क्लॅम्पच्या हातभर खाली पाइप कापून प्लास्टिकचा जोडला होता. गंजलेला तुकडा प्लंबरने उन्हाळ्यात बदलला. त्याला दोष देता येत नाही, ती वायर कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जमिनीचा संबंध तुटला, आणि वरचा लोखंडी पाइप तसाच पहिल्या मजल्यावरच्या नळापर्यंत. म्हणजे लेथच्या बॉडीवरचा करंट थेट नळाला.

पोटात गोळा आला. धावतच जिना चढलो.

"आजी, नळाला करंट लागतो का हो?"

"आठ दिवस झाले, हाताला मुंग्या येतात. मला वाटलं, वयाने येत असतील."

त्याच मोरीत रोज सकाळी त्यांची दोन नातवंडं आंघोळ करत होती.

लेथच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. वायरींवरचं जुनं रबर बोट लावताच कुरमुऱ्यासारखं तुटलं, आणि एका फेजच्या लगपासून (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडापासून) बॉडीपर्यंत कूलंटने भिजलेला लोखंडाचा कीस चिकटला होता. वायरींचं इन्सुलेशन तपासणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरवर निदान एक मेगाओहम यायला हवा. काटा शून्यालाच टेकला.

काकांना वाटलं, अर्थचा खड्डा केला की झालं. घरगल्लीत दोन खड्डे घेतले, कारण तीन फेजच्या मोटरला दोन वेगळे अर्थ द्यावेच लागतात. अर्थ टेस्टरवर जमिनीचा रोध 4 ओहम आला. मग कागदावर मांडून दाखवलं: एका फेजचे 230 व्होल्ट भागिले 4, म्हणजे साधारण 57 अँपिअर, आणि मेनचा फ्यूज 63चा. फेज बॉडीला लागला तरी फ्यूज उडणार नाही, मशीन तसंच करंट मारत राहील. त्यासाठी चार पोलचा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच, हवाच. खर्च त्यांना जड जात होता हे दिसत होतं, पण मी अडून बसलो: त्याशिवाय केबल टाकणार नाही. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटरही घातला, एखादा फेज गेला की तो मोटर बंद करतो. तो नसेल तर एक फ्यूज उडाला की मोटर दोन फेजवर घुमत घुमत जळते.

मोटर रिवाइंड होऊन आली, पाइपवरचा क्लॅम्प काढला. पाचव्या दिवशी मिलिंग सुरू केलं तर उलटं फिरलं. दोन फेज अदलाबदल करून सरळ केलं.

निघताना वर गेलो. आजी हंडा घेऊन नळापासून लांब उभ्या होत्या. टेस्टलॅम्प लावला, बल्ब काळाच राहिला. मग नळ मीच उघडला आणि हंडा भरेपर्यंत हात त्यावरच ठेवला.