न भेटता माणूस कळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘ज्यांना कधी भेटला नाहीत, त्यांच्यावर विश्वास कसा टाकता? आतून कळतं का?’ यावर मी आजवर ‘अनुभवाने कळतं’ म्हणून सटकत आलोय. उत्तर खोटं नाही, पण सोयीचं आहे.

आमच्या रिमोट टीममध्ये एक जण नवा आला. कॉलवर काहीही विचारलं की आधी क्षणभर शांतता, मग उत्तर. कॅमेरा बंद. चॅटवर ‘हो’, ‘झालं’, ‘बघतो’. महिनाभरात माझ्या मनाने निकाल दिला: हा काहीतरी लपवतोय. पुरावा शून्य, काम वेळेवर येत होतं. तरी मी दुसऱ्या एकीला त्याचा कोड गुपचूप पुन्हा तपासायला सांगितलं. तिची एक कॉमेंट फाइलमधून काढायची राहिली आणि ती त्याने वाचली.

त्याने फोन केला. इंटरनेटवरून नाही, साधा फोन. आणि तो घडाघडा बोलत होता, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. ‘मला विचारायचं होतंत ना,’ हे दोनदा म्हणाला. मी ऐकत होतो आणि हळूहळू लक्षात येत होतं की ती शांतता त्याची नव्हतीच, त्याच्या नेटची होती. कॅमेराही त्यापायीच बंद.

पुढे २०१४चा एक अभ्यास वाचनात आला. आवाज पोचायला १.२ सेकंदांपर्यंत उशीर झाला, तरी लोक पलीकडच्या माणसाला कमी लक्ष देणारा, कमी मनमिळाऊ ठरवत होते. दोष लाइनचा, खापर माणसावर.

म्हणून मनाचं ऐकूच नये? तेही मला पटत नाही. एका सहकारी मुलीचे मेसेज अचानक फार अदबशीर झाले, तेव्हा आत काहीतरी खटकलं म्हणून फोन केला. ती राजीनामा लिहूनच बसली होती. तो अंदाज बरोबर निघाला, आणि त्याची फुशारकी मी बरीच मारलीय.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ, अंतःप्रेरणेबद्दल एरवी विरुद्ध मतांचे. २००९मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की परिस्थितीला काही नियमितपणा असेल आणि चूक-बरोबर कळत राहत असेल, तरच असा अंदाज भरवशाचा होतो. माझी अडचण इथेच आहे. ज्याच्यावर संशय, त्याला मी महत्त्वाचं काम देतच नाही. मग माझं चुकलं हे मला कळणार कुठून? ती कॉमेंट पुसली गेली असती, तर आजही मी स्वतःला माणसांचा पारखी म्हणवून घेत असतो.

तो अजून टीममध्ये आहे. चॅटवर अजूनही ‘हो’ एवढंच लिहितो. त्या ‘हो’मध्ये राग आहे की नाही, याचा अंदाज मी रोज बांधतो.